मोझांबिकचा काजू

काजूचे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोमंतकात आणले, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेच झाड त्याच लोकांच्या हातून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिकमध्येही रुजले, याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. वस्तुतः त्या देशाचे व आपले नाते जुने आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली चालत असे. दीवचे वाणी तेथे कापड नेत आणि हस्तिदंत घेऊन परतत. मोझांबिक बेटावर आजही हिंदूंचे देवालय आहे.

विसाव्या शतकात तेथील काजूबी टरफलासकट जहाजाने भारतात येऊ लागली. कोल्लमच्या कारखान्यांत बायका ती फोडीत आणि तिचे गर पुढे अमेरिकेस जात. पुढे मोझांबिकमध्येही कारखाने निघाले. राजधानीतील शामान्कुलु वस्तीत एक मोठा कारखाना होता. त्यास तेथील बायका भारतीय वंशाच्या मालकाच्या नावावरून ‘तराना’ म्हणत. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधील भारतीय नागरिकांस छावण्यांत डांबले व पुढे देशाबाहेर घालविले. तरी काजूचा धंदा वाढतच राहिला आणि १९७० च्या सुमारास हा देश काजूच्या उत्पादनात जगात अग्रेसर झाला. वर्षाचे पीक दोन लक्ष टनांवर गेले होते.

जून १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि दोन वर्षांत फ्रेलिमोचे सरकार व रेनामोचे बंडखोर यांचे युद्ध जुंपले. पंधरा वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे शस्त्रांनी व उपासमारीने मेली. काजूची झाडे उभी होती, पण बी वेचणारे उरले नाहीत. यामागचे एक कारण आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. पूर्वी खेडोपाडी पोर्तुगीज वा भारतीय दुकानदाराचे लहान दुकान असे. शेतकरी तेथे काजू घाली आणि कापड, मीठ, साबण घेऊन घरी जाई. स्वातंत्र्यानंतर ते दुकानदार निघून गेले, युद्धाने रस्ते तुटले आणि दुकाने ओस पडली. पैशाने घ्यावयास काही मिळत नसेल, तर उन्हातान्हात काजू कोण वेचणार? शिवाय १९७८ पासून कच्चा काजू परदेशी पाठविण्यास बंदी होती. सारा माल देशातील कारखान्यांस द्यावयाचा, असा त्या धोरणाचा हेतू होता.

४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे तह झाला. देश कर्जात बुडालेला होता आणि साहाय्य देणाऱ्या जागतिक बँकेचा शब्द मोडणे सरकारला शक्य नव्हते. बँकेचे म्हणणे असे की, कारखाने जुने व अकार्यक्षम आहेत, त्यांच्यासाठी कच्च्या काजूचा भाव पाडला जातो आणि त्याची झळ सुमारे दहा लक्ष गरीब शेतकरी कुटुंबांस लागते. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. बंदी आधीच उठली होती. तिच्या जागी निर्यातकर आला होता. १९९५ नंतर तोही पायरीपायरीने उतरवून १४ टक्क्यांवर आणला गेला. परंतु याच सुमारास सरकारने आपले कारखाने खाजगी मालकांस विकले होते आणि संरक्षण टिकेल या भरवशावर त्यांनी पैसा ओतला होता. एका हाताने विकणे व दुसऱ्या हाताने आधार काढून घेणे, हा कोणता व्यवहार!

परिणाम लवकर दिसला. कच्चा काजू पुन्हा जहाजांनी भारताकडे निघाला. मोझांबिकचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि सुमारे दहा हजार कामगारांपैकी बहुतेकांची भाकरी गेली. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. शेतकऱ्यास काय मिळाले? तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हिशेब मांडला, तो असा की, दर कुटुंबामागे वर्षाकाठी फार तर ५ डॉलर ३० सेंट. उरलेला लाभ मधल्या व्यापाऱ्यांच्या पदरी पडला आणि काही अंश आपल्या देशातील कारखानदारांच्याही. देशातील गिऱ्हाईक नाहीसे झाल्यावर भाव ठरविणे भारतीय खरेदीदारांच्याच हाती आले. प्रसादाच्या शिऱ्यात आपण घालतो त्या काजूगराची ही बाजू वाचकांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटले.

आमच्या मते चूक कर उतरविण्यापुरती नव्हती. खेड्यातले दुकान, तुटलेला रस्ता, म्हातारी झालेली झाडे यांचा विचार आधी व्हावयास हवा होता. तो न करता बंदरावरील कराच्या आकड्यावरच सर्व भर दिला गेला. कारखान्यांची यंत्रेही सदोष होती. ती बी आपटून फोडीत, त्यामुळे गराचे तुकडे अधिक होत आणि अखंड गराचा चढा भाव हातचा जाई. कोल्लमच्या बायका हाताने फोडीत असल्याने त्यांचा गर अखंड निघे. मात्र टरफलाच्या चिकाने त्यांची बोटे काळी पडत आणि मजुरीही तुटपुंजीच मिळे.

१९९९ मध्ये मोझांबिकच्या संसदेने कायदा करून हा कर १८ ते २२ टक्क्यांपर्यंत वाढविला. त्यानंतरच्या दशकात नांपुला प्रांतात झाडांच्या जवळच लहान लहान कारखाने निघू लागले. तेथे बी वाफेवर शिजवितात आणि कामकरी स्त्रिया ती एकेक करून हाताच्या यंत्राने कापतात. ही पद्धत त्यांनी भारताकडूनच उचलली आहे.