इअरबड्स फोनला लगेच जुळतात, मग लॅपटॉपलाच का नाही?

केस उघडली की इअरबड्स फोनला क्षणात कनेक्ट होतात. लॅपटॉपवर मात्र कधी त्यांचं नावच दिसत नाही, कधी 'पेअर्ड' लिहून येतं पण आवाज स्पीकरमधूनच येतो, आणि कधी आवाज येतो तो जुन्या लँडलाइनसारखा. ऑनलाइन इंटरव्ह्यूला दहा मिनिटं उरलेली असताना असं झालं की आपण घाबरून सगळंच एकदम करायला जातो. ड्रायव्हर उडवतो, लॅपटॉप रिसेट करतो, नवे इअरबड्स शोधायला लागतो. बहुतेक वेळा यातलं काहीच करावं लागत नाही. वरच्या प्रत्येक तक्रारीचं कारण वेगळं आहे, त्यामुळे आपली तक्रार नक्की कोणती हे आधी ओळखायचं. इथल्या स्टेप्स विंडोज ११ च्या आहेत. विंडोज १० मध्ये मेनूंची नावं थोडी बदलतात, कारणं तीच राहतात.

यादीत नावच दिसत नाही

सगळ्यात आधी फोनचं ब्लूटूथ बंद करा. इअरबड्स केसमधून बाहेर आले की ओळखीच्या डिव्हाइसला शोधतात, आणि ते बहुधा तुमच्या खिशातच असतं. फोनला एकदा जुळले की बरेचसे इअरबड्स नव्या डिव्हाइसला दिसणं बंद होतात. लॅपटॉप कितीही शोधू दे, त्याला काही सापडणार नाही.

फोनचं ब्लूटूथ बंद केल्यावर इअरबड्स पेअरिंग मोडमध्ये टाका. नुसते चालू करून भागत नाही. साधारणपणे केसवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं की लाइट लुकलुकायला लागतो. तुमच्या मॉडेलची पद्धत बॉक्समधल्या माहितीपत्रकात असते. मग सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' उघडून 'अ‍ॅड डिव्हाइस' करा. तरीही दिसत नसेल, तर तिथेच 'डिव्हायसेस'च्या पानावर खाली शोधाचं सेटिंग असतं. ते 'डिफॉल्ट'वरून 'अ‍ॅडव्हान्स्ड' केलं की विंडोज सगळ्या प्रकारची डिव्हाइस दाखवू लागतं.

माउससाठी एक गोष्ट तपासा. सोबत छोटा यूएसबी रिसीव्हर आला असेल, तर तो माउस बहुतेक ब्लूटूथवर चालतच नाही. रिसीव्हर लावा, काम झालं. असा माउस ब्लूटूथच्या यादीत शोधत बसणारे खूप जण आहेत.

'पेअर्ड' आहे, पण कनेक्ट होत नाही

पेअरिंग म्हणजे दोन डिव्हाइसनी मिळून एक गुप्त किल्ली ठरवणं. ती दोघांकडेही साठवलेली असते आणि पुढच्या वेळी तीच दाखवून ओळख पटते. इअरबड्स रिसेट केले, किंवा त्यांची मेमरी भरून जुनी नोंद पुसली गेली, की त्यांच्याकडची किल्ली जाते. लॅपटॉपला याचा पत्ता नसतो, तो 'पेअर्ड' असंच दाखवत राहतो. अशा वेळी 'कनेक्ट' कितीही वेळा दाबलं तरी उपयोग नाही. नावासमोरचे तीन ठिपके दाबून 'रिमूव्ह डिव्हाइस' करायचं आणि पहिल्यापासून पेअर करायचं.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं. इअरबड्सच्या दृष्टीने लॅपटॉप एकच आहे, कारण ब्लूटूथचा पत्ता एकच. पण लिनक्समध्ये पेअर केलं की नवी किल्ली तयार होते आणि विंडोजकडची जुनी किल्ली निकामी होते.

कनेक्ट झालंय, पण आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधूनच येतोय? विंडोज आणि ए ही बटणं एकत्र दाबा आणि आवाजाच्या पट्टीशेजारचं चिन्ह दाबून आउटपुट म्हणून इअरबड्स निवडा. मीट, टीम्स आणि झूममध्ये स्पीकर निवडायचं स्वतःचं वेगळं सेटिंग असतं, तेही बघा.

गाणी मस्त वाजतात, कॉल सुरू झाला की आवाज डबड्यातून आल्यासारखा

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि इअरबड्स खराब निघाले म्हणून परतही करतात. पण हा बिघाड नाही.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एटूडीपी या पद्धतीत आवाज एकाच दिशेने, लॅपटॉपकडून कानाकडे जातो. त्यामुळे चांगल्या दर्जाचा स्टिरिओ मिळतो, पण माइक चालत नाही. माइकसाठी एचएफपी ही दुसरी पद्धत वापरावी लागते. ती मुळात गाडीत हँड्सफ्री कॉल करता यावा म्हणून आली. तिच्यात आवाज दोन्ही बाजूंनी जातो, पण मोनो, आणि सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजार नमुन्यांचा. सीडीवरच्या गाण्यात हाच आकडा ४४,१०० असतो. म्हणजे कोणत्याही अ‍ॅपने इअरबड्सचा माइक उघडला की लॅपटॉप पहिली पद्धत सोडून दुसरीवर जातो आणि तुम्हाला ऐकू येणारा आवाजही उतरतो.

उपाय सोपा आहे. ऐकण्यासाठी इअरबड्स, बोलण्यासाठी लॅपटॉपचा माइक. 'सिस्टिम'मधल्या 'साउंड'मध्ये जाऊन 'इनपुट'ला लॅपटॉपचा माइक निवडा (बऱ्याच लॅपटॉपवर त्याचं नाव 'मायक्रोफोन अ‍ॅरे' असतं) आणि कॉलच्या अ‍ॅपमध्येही तोच ठेवा.

पण हे डोळे झाकून करू नका. इंटरव्ह्यूमध्ये तुम्हाला समोरच्याचा आवाज कसा येतो यापेक्षा तुमचा आवाज त्याला कसा जातो हे महत्त्वाचं. शांत खोली असेल तर लॅपटॉपचा माइक बहुतेक वेळा उजवा ठरतो. हॉस्टेलमध्ये वर पंखा गरगरतोय, शेजारी रूममेट फोनवर आहे, अशा ठिकाणी इअरबड्सचाच माइक बरा. तुम्हाला आवाज थोडा बोदा येईल, पण बोलणं कळेल. आदल्या दिवशी दोन्ही माइकवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. आणि बॅगेत एक तारेचा इअरफोन असू द्या. त्याला पेअरिंग नाही, चार्जिंग नाही.

कॉल संपला तरी गाणी बोदीच वाजत असतील, तर कुठलं तरी अ‍ॅप माइक धरून बसलंय. टास्कबारवर कोपऱ्यात माइकचं चिन्ह दिसत असेल तर त्यावर माउस नेला की अ‍ॅपचं नाव कळतं. बहुतेक वेळा मीटिंगचा उघडा राहिलेला टॅब नाही तर डिस्कॉर्ड असतं.

एलई ऑडिओ नावाच्या नव्या ब्लूटूथ पद्धतीत ही दोन पद्धतींची वाटणी राहत नाही. मात्र त्यासाठी इअरबड्स, लॅपटॉपचं कार्ड आणि ड्रायव्हर अशा सगळ्यांनीच ती पद्धत चालवायला हवी.

आवाज मध्येच तुटतो

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात जुनं वाय-फाय, रिसीव्हरवाले माउस आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. गर्दी टाळायला ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलू शकतं, तरी कधीकधी जागा अपुरी पडते. राउटरला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क असेल तर लॅपटॉप त्यावर टाका. लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच कार्डावर असतात, त्यामुळे फरक लगेच जाणवतो.

दुसरा चोर शोधूनही सापडत नाही: यूएसबी ३. इंटेलने २०१२ मध्येच दाखवलं होतं की यूएसबी ३ ची केबल आणि डिव्हाइस चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा हब काढून बघा. आवाज सुधारला तर ती दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

ब्लूटूथचं बटणच गायब

हे बघून बोर्ड गेला असं वाटतं, पण अनेकदा कार्ड नुसतं अडकलेलं असतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचं नेहमीचं 'शट डाउन' पूर्ण शट डाउन नसतं. शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा.

परत आलं नाही तर ड्रायव्हर. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, आपला मॉडेल नंबर टाकून घ्यायचा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारी फुकट अ‍ॅप्स टाकू नका. त्यांच्यासोबत काय काय येतं हे निस्तरायला जास्त वेळ जातो. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. काही अडॅप्टरना तिथेच 'पॉवर मॅनेजमेंट'चा टॅबही दिसतो. स्लीपमधून उठल्यावर दरवेळी कनेक्शन जात असेल तर त्यातली वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढा.

एवढं करूनही कार्ड दिसत नसेल तर यूएसबीचा छोटा ब्लूटूथ डोंगल घेऊन काम भागतं. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ अडॅप्टर वापरतं, म्हणून आतलं कार्ड अधूनमधून जागं होत असेल तर ते 'डिव्हाइस मॅनेजर'मधून 'डिसेबल' करा. आणि डोंगल हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टला लावू नका.