माळवदाचा वाडा

आमच्या लातूर-नांदेडकडचे जुने वाडे काळ्या दगडाचे, चिखलात बांधलेले. वर लाकडी खांबांवर माळवद. गळू नये म्हणून दरसाल मिरगाआधी त्यावर पांढरी माती पडायची. उन्हाळ्यात आत गारवा. रझाकारांच्या धामधुमीत ह्याच भिंतींचा आडोसा.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना, किल्लारीच्या भूकंपात ह्याच भिंतींनी हजारो माणसं गाडली. लोक दगडाला भ्याले, पत्र्याखाली निजू लागले. खरं तर कैक घरांत खांब उभेच होते. भिंतीचे दोन पदर सांधणारा आरपार दगडच नव्हता, अन् डोक्यावर पिढ्यांची माती.

आम्ही आमच्या वाड्याला आरपार दगड घातले, माळवदाचं ओझं उतरवलं. वाडा अजून नांदता आहे.