धावणे व वृद्ध मेंदूतील रक्तवाहिन्या

नियमित धावण्यामुळे उतारवयात मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर, विशेषतः केशवाहिन्यांवर, होणारे परिणाम. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते.

रचना व वार्धक्य : केशवाहिनीची भिंत अंतःस्तर पेशींच्या एकाच थराची असते. या पेशींचे घट्ट सांधे रक्तातील अपायकारक पदार्थ मेंदूत शिरू देत नाहीत (रक्त-मेंदू अडथळा). भिंतीला बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या असतात. त्या आधारपटलात गुंडाळलेल्या असून त्यावर तारकापेशींच्या (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या) पावलांचे आवरण असते. वयानुसार पेरिसाइट विरळ होतात, आधारपटलात बदल होतात आणि अडथळा पाझरू लागतो.

आरंभीचे संशोधन : १९९० मध्ये विल्यम ग्रीनो व सहकाऱ्यांनी (इलिनॉय विद्यापीठ) प्रौढ उंदरांच्या लहान मेंदूचा अभ्यास केला. कसरतीचे कौशल्य शिकलेल्या उंदरांत चेतापेशींमधील जोडण्या वाढल्या होत्या. नुसत्या धावलेल्या उंदरांत केशवाहिन्या दाट झाल्या होत्या. २००५ मध्ये हेन्रिएट व्हान प्राग व सहकाऱ्यांनी १९ महिन्यांच्या वृद्ध उंदरांना फिरते चाक दिले. त्यांचे शिकणे सुधारले व हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात नव्या चेतापेशी वाढल्या. मात्र तरुण उंदरांप्रमाणे रक्तवाहिन्यांची वाढ झाली नाही. म्हणजे वृद्ध मेंदूला धावण्याचा लाभ होण्यासाठी नव्या वाहिन्या फुटल्याच पाहिजेत असे नाही.

जॅक्सन प्रयोगशाळेतील प्रयोग : या विषयातील एक महत्त्वाचे काम इलिआना सोटो, गॅरेथ हॉवेल व सहकाऱ्यांचे (बार हार्बर, मेन; २०१५). त्यांनी उंदरांना १२ महिने वयापासून, म्हणजे मध्यमवयापासून, १८ महिन्यांपर्यंत पिंजऱ्यात चाक दिले. धावण्याची सक्ती नव्हती. बैठ्या उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकात पेरिसाइट व आधारपटल घटले, तारकापेशींतील एपीओई या प्रथिनाची निर्मिती उतरली आणि प्रतिकारयंत्रणेतील सी१क्यू हे पूरक प्रथिन बाळगणाऱ्या सूक्ष्मश्लेषपेशी (मेंदूतील प्रतिकारपेशी) वाढल्या. धावणाऱ्या उंदरांत ही पडझड बरीच रोखली गेली. चेतापेशींच्या जोडण्याही टिकल्या. एपीओई जनुक नसलेल्या उंदरांना मात्र धावण्याचा असा फायदा झाला नाही. वाहिन्या टिकण्यासाठी एपीओईचा सहभाग आवश्यक असतो, असे यावरून सूचित होते.

इतर यंत्रणा : रक्तवाहिनीवर्धक घटक (व्हीईजीएफ) व इन्सुलिनसदृश वर्धक घटक-१ यांचा व्यायामामुळे मेंदूत होणाऱ्या बदलांत सहभाग आढळला आहे. स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट मेंदूतील एचसीएआर१ या ग्राहीमार्फत व्हीईजीएफ वाढवते, असे २०१७ मध्ये उंदरांत दिसले.

मानवी अभ्यास : जर्मनीतील मागडेबुर्ग येथे ६० ते ७७ वयाच्या ४० व्यक्तींवर ३ महिन्यांचा अभ्यास झाला (२०१५). ट्रेडमिलवरील सरावाने ज्यांची क्षमता वाढली त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील रक्तपुरवठाही वाढला. वय जितके अधिक, तितकी ही वाढ कमी. पेरिसाइट वा आधारपटलाची तपासणी जिवंत माणसात थेट करता येत नसल्याने उंदरांतील निष्कर्ष माणसाला कितपत लागू होतात, याबाबत मतैक्य नाही.

व्यायामाचे प्रमाण : मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी किती धावावे, हे सर्वमान्य असे ठरलेले नाही.

महत्त्व : उपलब्ध पुराव्याचा कल असा की धावण्याचे मोल नव्या वाहिन्या घडवण्यापेक्षा असलेल्या वाहिन्यांची भिंत शाबूत ठेवण्यात अधिक आहे. पाझर सुरू होण्याची वाट न पाहता मध्यमवयातच धावू लागणे म्हणूनच मोलाचे ठरू शकते.