शीव, सायन आणि भाषापरिवर्तनविषयक लेखनाचे प्रयोजन

मुंबई बेट उत्तरेस जेथे संपत असे, त्या गावाचे नाव शीव. 'सीमा' या संस्कृत शब्दातील मकाराचा वकार होऊन हे रूप सिद्ध झाले. 'ग्राम'चे 'गाव' आणि 'नाम'चे 'नाव' याच वाटेने झाले. इंग्रजी अमदानीत हे नाव जेरुसलेमच्या टेकडीच्या नावाप्रमाणे लिहिले गेले, इंग्रजी वळणाने उच्चारले गेले आणि 'सायन' होऊन मराठीत परतले. (पाद्र्यांनी आपल्या प्रार्थनास्थळाला त्या टेकडीचे नाव दिले, अशी दुसरी उपपत्तीही सांगितली जाते.) 'सीमा'चे 'शीव' झाले तो विकास आणि 'शीव'चे 'सायन' झाले तो अपभ्रंश, असे एखादा लेखक लिहितो तेव्हा तो केवळ दोन ध्वनिघटना नोंदवीत नसतो. त्याचे प्रयोजन त्याच्या पारिभाषिक शब्दांतच प्रकट झालेले असते.

लेखकाचा हेतू हा अर्थनिर्णयनाचा निकष मानू नये, असे विम्झट आणि बीर्डस्ली यांनी १९४६ मध्ये प्रतिपादिले. त्यांचा रोख मुख्यतः काव्यावर होता. वैचारिक लेखनात हेतू लेखकाच्या मनात शोधावा लागत नाही. पुराव्याची निवड, रूपके आणि गृहीत धरलेला वाचक यांतून तो संहितेतच उतरतो. मात्र मध्यवर्ती कल्पना आणि प्रयोजन यांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते.

वि. का. राजवाडे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या प्रस्तावनालेखनात त्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांतील कागदांमधील फारसी व मराठी शब्दांची गणती मांडली. पहिल्यात मराठीचा वाटा सुमारे चौदा टक्के, तर शेवटच्यात नव्वदांहून अधिक. राज्यसत्ता पालटली की भाषेचा शब्दसंग्रह पालटतो, ही येथील मध्यवर्ती कल्पना. ती पुराव्याने तपासता येते. प्रयोजन निराळे आहे: शिवकालीन राज्यस्थापना हे भाषेचेही पुनरुज्जीवन होते, हे परतंत्र वाचकाला पटविणे. त्या प्रयोजनामुळेच एक मर्यादा झाकली जाते. दप्तरातील कागदाचा शब्दसंग्रह हा दप्तराचा असतो, भाषेचा नव्हे. १५९९ मध्ये निवर्तलेल्या एकनाथांनी फारसीप्रचुर अर्जाचा घाट भारुडासाठी घेतला आणि भागवताची टीका मात्र निराळ्याच मराठीत लिहिली. म्हणजे फारसी वळण हा अंगात भिनलेला रोग नव्हता. प्रसंगी पांघरता येणारा वेष होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले, पण पुढील शतकात राज्य चालविणारा 'पेशवा'च म्हणविला गेला, आणि फडणीस, वसूल, दप्तर हे शब्दही हलले नाहीत. राजवाड्यांची आकडेवारी याने खोटी ठरत नाही. ती कशाची आकडेवारी आहे, एवढेच निश्चित होते.

चिपळूणकरांनी 'निबंधमाले'चा आरंभ १८७४ मध्ये मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवरील निबंधाने केला. तेथे शत्रू फारसी नाही, इंग्रजी शिकलेल्याची उदासीनता आहे. शत्रू बदलला की 'ऱ्हास' या शब्दाचा अर्थही बदलतो.

माधव जूलियन यांच्याबाबतीत वाचकाची खरी परीक्षा होते. फारसीचा हा अध्यापक, 'फारसी-मराठी कोशा'चा कर्ता, मराठीत गझल रुजविणारा कवी; आणि त्यानेच १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहावा! पुष्कळांना यात केवळ मतांतर दिसले. परंतु ज्याला परकी शब्दाचे कूळ आणि छटा ठाऊक आहेत, त्याने केलेला त्याग आणि ज्याला त्या ठाऊक नाहीत त्याचा द्वेष, यांची मध्यवर्ती कल्पना एकच असली तरी प्रयोजने एक असतीलच असे नाही. शीर्षकातील 'विवेक' हा शब्द नुसता अलंकार म्हणून वाचणाऱ्याला हा भेद हाती लागणार नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या लेखनातला राष्ट्रसंघटनेचा आवेश येथे शोधू नये. चळवळ एक असूनही बोलणारा निराळा आहे.

'दिनांक' कचेरीच्या कागदावर स्थिरावला. न्यायालयात मात्र 'तारीख'च पडते. मराठी फलकावर 'शीव' असते आणि रुग्णाला 'सायन हॉस्पिटल'लाच नेतात. या जोड्यांपैकी कोणते रूप भाषेचे 'खरे' मानावे, हा प्रश्न ज्या लेखनात प्रथम येतो, तेथे परिवर्तनाचा अभ्यास अद्याप सुरू झालेला नसतो.