केसपेपर आणि 'बाहेरची चिठ्ठी' : परळमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या खर्चाचा वाद

प्रस्तावना

सार्वजनिक रुग्णालयातील उपचारांचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वरकरणी अर्थसंकल्पाचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र नागरिकत्वाचा प्रश्न दडलेला आहे. परळच्या महापालिका रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाच्या हाती सामान्यतः दोन कागद पडतात. पहिला केसपेपर. त्याचे शुल्क महापालिका ठरवते. ते अनेक वर्षे दहा रुपये होते, आणि ते वाढविण्याचा विचार पुढे आला की राजकीय विरोध होतो. दुसरा कागद म्हणजे रुग्णालयात नसलेले औषध बाहेरून आणण्यासाठी लिहून दिलेली चिठ्ठी. तिच्यावरील रक्कम कोणत्याही सभागृहाने मंजूर केलेली नसते. मुंबईतील वाद पहिल्या कागदावर होत राहिला आणि खरा भार दुसऱ्या कागदाने पडत गेला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रुग्णालयांची उभारणी व तिचा पैसा

मुंबईतील मोठी रुग्णालये दानशूर व्यक्ती आणि शासनसंस्था यांच्या भागीदारीतून उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये देऊन जे. जे. रुग्णालयाचा पाया घातला व १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हापासूनची ही पद्धत होय. परळमध्ये तिला राष्ट्रीय आशय प्राप्त झाला. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना, तेथील अध्यापक सरकारी सेवेत नसलेले, पात्र भारतीयच असावेत, अशी अट घातली. १९२६ मध्ये हे महाविद्यालय व महापालिकेचे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच के. ई. एम., यांचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. ही सर्व रुग्णालये गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात उभी राहिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इमारतीला देणगी पुरते. रोजचा खर्च तिच्यातून भागत नाही. तो महापालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे मालमत्ता कर, नगरशुल्क आणि पुढे जकातीतून होऊ लागला. जकात वस्तूच्या किमतीत मुरते. लालबागच्या चाळीत तेल, साबण वा कापड विकत घेणारा कामगार रुग्णालयाच्या दारात पोहोचण्यापूर्वीच त्याच्या खर्चाचा वाटा भरत होता. म्हणून तेथील उपचारांस 'मोफत' म्हणणे काटेकोर नाही. या पैशाच्या विनियोगावर बोलण्याचा अधिकार मात्र त्याला उशिरा मिळाला. प्रौढ मताधिकारावरील महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. याशिवाय एक अदृश्य अनुदानही होते. शहरातील नामवंत डॉक्टर मानद म्हणून येथे काम करीत. त्यांच्या श्रमाचे मोल अर्थसंकल्पात कधी दिसले नाही.

तत्त्व आणि वर्गणी

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने, पैसे देण्याची ऐपत नाही या कारणाने कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले. स्वतंत्र भारताने ते तत्त्वतः मान्य केले; तरतूद मात्र त्या प्रमाणात केली नाही. संघटित कामगारांपुरता १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वेगळा मार्ग काढला. कामगार व मालक यांनी वर्गणी द्यावयाची आणि आजारपणात कामगाराने हक्काने उपचार घ्यावयाचे. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेतील होय.

याच सुमारास इंग्लंडमध्ये काय घडत होते ते पाहणे उद्बोधक ठरेल. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली. दातांच्या कवळ्या व चष्मे यांवर शुल्क लावण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ तिचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ पासून औषधांच्या चिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क सुरू झाले. बेव्हन यांच्यासमवेत राजीनामा देणारे हॅरॉल्ड विल्सन यांनी पंतप्रधान झाल्यावर १९६५ मध्ये ते रद्द केले आणि आर्थिक संकटात १९६८ मध्ये पुन्हा लावले! पुढे वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये व स्कॉटलंडने २०११ मध्ये ते काढून टाकले. या चढउतारांतून एक गोष्ट स्पष्ट होते. तेथे चिठ्ठीची किंमत ही जाहीर बाब होती. ती कोणी लावली व कोणी काढली, हे मतदाराला सांगता येत होते.

संपानंतरचे परळ

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्यापैकी फार मोठ्या संख्येला पुन्हा काम मिळाले नाही. या घटनेचा आरोग्याच्या अंगाने विचार कमी झाला आहे. नोकरी गेली की वर्गणी थांबते आणि वर्गणी थांबली की काही काळाने विम्याचा हक्कही संपतो. ज्याने उमेदीच्या वर्षांत वर्गणी भरली, तो उतारवयात, आजारांच्या वयात, महापालिकेच्या केसपेपरच्या रांगेत येऊन उभा राहिला. हक्कदाराचा तो आश्रित झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नेमक्या याच काळात जगभर वारे फिरले. जागतिक बँकेने १९८७ च्या अहवालात विकसनशील देशांनी सरकारी आरोग्यसेवेसाठी रुग्णांकडून शुल्क घ्यावे, असा पुरस्कार केला. शुल्काने उत्पन्न वाढेल, अनावश्यक गर्दी घटेल आणि गरिबांना सूट देता येईल, असा हा युक्तिवाद होता. बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रात नव्वदच्या दशकाअखेरीस आरोग्य यंत्रणा विकास प्रकल्प सुरू झाला व सरकारी रुग्णालयांतील शुल्कआकारणीला बळ मिळाले. २०१३ मध्ये त्याच बँकेच्या अध्यक्षांनी उपचारस्थळी घेतले जाणारे शुल्क अन्यायकारक असल्याचे सांगितले. मधल्या पाव शतकात ज्यांनी ते भरले, त्यांची नोंद अर्थातच कोठे नाही.

'गरिबांना सूट' ही शब्दयोजना निरुपद्रवी वाटते. परंतु गरीब कोण, हे कोणीतरी ठरवावे लागते. १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी व पांढरी शिधापत्रिका आली आणि तिचा रंग हा रुग्णालयातही गरिबीचा पुरावा ठरू लागला. बंद गिरणीतील कामगाराच्या घरी केशरी पत्रिका असणे अस्वाभाविक नव्हते. मग वैद्यकीय समाजसेवा विभागाकडे अर्ज आणि तेथून 'पुअर बॉक्स' निधी अथवा एखाद्या न्यासाकडे विनंती, असा प्रवास सुरू होई. समाजसेवकांनी या कामी दाखविलेली तळमळ नाकारण्याचे कारण नाही. तथापि, जो हक्क विनवणीनंतर मिळतो त्याचे स्वरूप बदललेले असते.

चिठ्ठीचे अर्थकारण

'बाहेरून आणा' हे दोन शब्द मुंबईतील रुग्णांच्या नातेवाइकांना सांगावे लागत नाहीत. औषध वेळेवर खरेदी झाले नाही, निविदा रखडली, पुरवठादाराचे देयक थकले, अशी कारणे प्रशासकीय असतात. परिणाम मात्र करासारखा होतो. राज्य शासनाने २०१७ मध्ये आपल्या रुग्णालयांसाठी औषधखरेदीचे काम परळमधीलच हाफकिन महामंडळाकडे सोपविले. प्लेगवरील लस देणाऱ्या वॉल्डेमार हाफकिन यांचे नाव लाभलेल्या या संस्थेवर खरेदीच्या विलंबाची टीका झाली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणासाठी कायदा करण्यात आला. महापालिकेची खरेदी यंत्रणा यापासून वेगळी आहे. तुटवड्याची तक्रार मात्र दोन्हीकडे सारखीच.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के दाखविला गेला. या घटीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. घट मान्य केली तरी उरलेला भार लहान नाही.

अनुदानाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराच्या आगमनाने संपुष्टात आली व महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून झाली. जानेवारी २०२० मध्ये थकीत अनुदानामुळे वाडिया रुग्णालये बंद पडण्याची वेळ आली, परळमध्ये आंदोलन झाले आणि पुतळ्यांसाठी पैसा असताना सार्वजनिक आरोग्यासाठी तो का नाही, अशा आशयाची विचारणा मुंबई उच्च न्यायालयाने केली. अनुदान त्यानंतर मिळाले. न्यायालयात जावे लागले, ही बाब बोलकी आहे.

सभागृहाविना निर्णय

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय शिक्षण विभागाची व महापालिकेची रुग्णालये त्यात नव्हती, म्हणजे जे. जे. आणि के. ई. एम. दोन्ही बाहेर राहिली. वर्षअखेरीस महापालिका रुग्णालयांसाठी 'झिरो प्रिस्क्रिप्शन' धोरणाची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. बाहेरची चिठ्ठी देऊच नये, हा तिचा अर्थ. दुसऱ्या कागदाची दखल शासनाने प्रथमच इतक्या उघडपणे घेतली, हे या घोषणेचे महत्त्व मान्य करावे लागेल. परंतु मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून महापालिकेवर प्रशासक आलेला होता. एकेकाळी केसपेपरच्या रुपया-दोन रुपयांवर गाजणारे सभागृह या निर्णयाच्या वेळी अस्तित्वातच नव्हते. औषधे किती येणार, कोणत्या महिन्यापर्यंत पुरणार, हे विचारणारे निवडून आलेले कोणी नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सादर झालेल्या महापालिकेच्या अर्थसंकल्पात मुंबईबाहेरून येणाऱ्या रुग्णांसाठी वेगळे शुल्क आकारण्याचा विचार मांडण्यात आला. मुंबईकरांच्या करातून बाहेरच्यांचा खर्च का करावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी रास्त वाटतो. पण 'बाहेरचा' कोण? गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले तेव्हा लालबाग-परळची कितीतरी कुटुंबे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. आजारपणात ती आजही लोकलने परळलाच येतात. ज्यांनी हयातभर जकात व विम्याची वर्गणी दोन्ही भरली, त्यांचा नवा पत्ता महापालिका हद्दीपलीकडचा आहे. गिरणी कामगारांसाठी शासनाने २०१६ मध्ये ज्या घरांची सोडत काढली, ती पनवेलजवळच्या कोन येथील घरेही हद्दीबाहेरचीच आहेत.