कबुलीजबाब आणि युक्तिवाद

फौजदारी खटल्यातून सत्य कसे काढावे, याची दोन उत्तरे युरोपात रुजली. इंग्लंडमध्ये दोन पक्ष झुंजतात आणि न्यायाधीश बहुतांशी पंचाच्या भूमिकेत राहतो. खंडीय पद्धतीत न्यायसंस्था स्वतःच शोध घेते. रशियात हा शोध बंद दाराआड, कागदोपत्री चाले आणि आरोपीचा कबुलीजबाब सर्वश्रेष्ठ पुरावा मानला जाई. १८६४ च्या सुधारणांनी प्राथमिक तपास खंडीय वळणाचाच ठेवला. पण खुली सुनावणी, वकील व ज्यूरी आणली.

दस्तयेव्हस्कीने दोन्ही काळ पाहिले. १८४९ मध्ये तो स्वतः गुप्त चौकशीतून गेला होता. 'गुन्हा आणि शिक्षा'मधील (१८६६) पोर्फिरीजवळ ठोस पुरावा नाही. त्याला रास्कोलनिकोव्हची कबुलीच हवी आहे. 'करामाझोव्ह बंधू'मध्ये (१८७९-८०) मात्र दोन निष्णात वक्ते एकाच पुराव्यातून दोन कथा रचतात आणि ज्यूरी निरपराध दिमित्रीला दोषी ठरवते.

म्हणून जुनी पद्धत बरी, असे आम्ही म्हणणार नाही. कबुलीचा हव्यास छळापर्यंत पोचतो, हा इतिहास आहे. मात्र कथा पटणे आणि ती खरी असणे यांतील अंतर साहित्याच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये.