वैद्यकीय विद्यार्थ्यांची हजेरी आणि रजा : नियम काय सांगतात?

विद्यापीठाचे परीक्षा अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले, की वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूचनाफलकासमोर गर्दी होऊ लागते. हजेरी अपुरी असलेल्यांची यादी तेथे लागलेली असते. यादीत नाव सापडलेला विद्यार्थी बहुधा डॉक्टरांचा दाखला घेऊन अधिष्ठात्यांच्या कार्यालयाकडे धाव घेतो. पाठोपाठ पालकही येऊन थडकतात. मात्र दाखला केवळ अनुपस्थितीचे कारण सांगतो, तिचे उपस्थितीत रूपांतर करीत नाही. एमबीबीएसच्या केंद्रीय विनियमांत विद्यार्थ्याला ठरावीक दिवसांची हक्काची रजा दिलेलीच नाही. आहे ती फक्त हजेरीची किमान टक्केवारी, आणि आजारपण, घरातील लग्न किंवा दुःखद प्रसंग या साऱ्यांची सोय उरलेल्या टक्क्यांतच करावी लागते.

ही टक्केवारी नवी नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या विनियमांत परीक्षेला बसण्यासाठी विषयात ७५ टक्के, तर व्याख्यानांखेरीजच्या अध्यापनात, म्हणजे प्रात्यक्षिके, चर्चासत्रे, वॉर्डातील क्लिनिक यांत, ८० टक्के हजेरीची अट होती. २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचे विनियम पुन्हा नव्याने निघाले. तरीही थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिक व क्लिनिकलला ८० टक्के हे आकडे कायम राहिले. शिवाय वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांविषयीच्या तासांनाही ७५ टक्के हजेरी आवश्यक ठरली.

विद्यार्थी फसतात ते या आकड्यांपेक्षा ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. हजेरी वर्षभराची सरासरी काढून पाहिली जात नाही, ती विषयवार पाहिली जाते. शरीरक्रियाशास्त्रात ९५ टक्के असलेल्याला शरीररचनाशास्त्रातील ७० टक्क्यांची भरपाई करता येत नाही. एखादा विषय एकाहून अधिक टप्प्यांत शिकवला जात असेल, तर प्रत्येक टप्प्यात अट पूर्ण व्हावी लागते. शल्यचिकित्सेसारख्या विषयात संलग्न शाखांची पोस्टिंगही स्वतंत्रपणे धरली जातात.

याचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. एखादे पोस्टिंग चार आठवड्यांचे आणि आठवड्यातून पाच दिवसांचे असेल, तर एकूण दिवस २०. त्याचे ८० टक्के म्हणजे १६. चुकवता येतात फक्त चार. दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये तर दोनच दिवसांची मुभा उरते. टायफॉइडने दहा दिवस अंथरुणाला खिळलेल्या विद्यार्थ्याची वर्षाची एकूण हजेरी उत्तम असूनही तो त्या एका पोस्टिंगमध्ये अडकू शकतो. व्याख्यान बुडाले तर मित्राची वही मिळते. वॉर्डात त्या दिवशी तपासायला मिळालेला हर्नियाचा रुग्ण आठवड्यानंतर घरी गेलेला असतो. क्लिनिकलची अट अधिक कडक का, याचे उत्तर यातच आहे. पण हेच उत्तर खऱ्या आजारी विद्यार्थ्याला फारसा दिलासा देत नाही, हेही तितकेच खरे.

अशा वेळी उपयोगी पडते ती वेळेवर केलेली हालचाल. आजारपण सुरू होताच विभागप्रमुखांना लेखी कळवावे, अर्जाची पोच घ्यावी आणि राहिलेले पोस्टिंग सुट्टीत किंवा नंतरच्या तुकडीबरोबर भरून काढता येईल का, हे तेव्हाच विचारावे. परीक्षा अर्जाच्या आठवड्यात भरपाईसाठी दिवसच उरलेले नसतात. परीक्षा हुकली, की सोबतची बॅच पुढे निघून जाते. प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मर्यादाही आहेच.

अंतिम परीक्षेनंतरच्या आंतरवासितेत मात्र रजा शब्द प्रथमच नियमात येतो. २०२१ च्या विनियमांनुसार बारा महिन्यांच्या संपूर्ण काळात पूर्वपरवानगीने जास्तीत जास्त १५ दिवस रजा मिळते. त्याहून अधिक दिवस गेले तर ते भरून द्यावे लागतात. हा वाढीव काळ कागदावर किरकोळ वाटतो; परंतु नीट-पीजीच्या पात्रतेसाठी आंतरवासिता ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण व्हावी लागते. ती तारीख काही दिवसांनी जरी चुकली, तरी पदव्युत्तर प्रवेशाची त्या वर्षीची संधी जाते. 'पीजी'च्या अभ्यासासाठी परस्पर दांड्या मारणाऱ्यांनी हे आधी पाहिलेले बरे.

पदव्युत्तर विद्यार्थी हे पूर्णवेळ निवासी डॉक्टरही असतात. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या विनियमांनी त्यांना वर्षाला किमान २० दिवस पगारी नैमित्तिक रजा, ५ दिवस शैक्षणिक रजा आणि आठवड्याची एक सुट्टी दिली. प्रसूती व पितृत्व रजा प्रचलित शासकीय नियमांप्रमाणे मिळते. ८० टक्के हजेरी येथेही हवी. परवानगीपेक्षा जास्त रजा झाली, तर तितक्याच दिवसांनी अभ्यासक्रम लांबतो.

या सवलतींपैकी नैमित्तिक रजा आणि साप्ताहिक सुट्टी यांना 'कामाची निकड पाहून' अशी पुस्ती जोडलेली आहे. अपघात विभागात निकड नसलेला दिवस कोणता, हा प्रश्न निवासी डॉक्टरांनी विचारावा असाच आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशांत आठवड्याला ४८ तास काम आणि साप्ताहिक सुट्टी नमूद होती. आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली. बत्तीस वर्षांनी ४८ चे ७४ झाले. आणि तेही शिफारस म्हणून.